दोन पडद्यांमधला आवाज

आमच्या नाटक कंपनीत टाळ्या नटांना मिळायच्या आणि शिव्या दोरीमामाला. पडदा वेळेवर पडला तर कुणाच्या लक्षातही यायचं नाही. जरा उशिरा पडला की मेलेला नायक नाक खाजवताना लोकांना दिसायचा, आणि मग मालकांपासून कपडेपटवाल्यापर्यंत सगळे डाव्या विंगेकडे धाव घ्यायचे. तिथे मामा दोऱ्यांच्या रांगेसमोर उभा. हाताला घट्टे, खांद्यावर टॉवेल, तोंडातून अक्षर नाही. सगळ्यांचं बोलून झालं की तो शांतपणे विचारायचा, "झालं का? पुढचा प्रवेश जंगलाचा आहे, बाजूला व्हा."

त्याला बाळ्या म्हणणारी एकच व्यक्ती होती, त्याची थोरली बहीण. ती आमच्या कंपनीची नायिका, सगळ्यांची ताई. नाटक कुठलंही असो, ती राणी आणि मी तिची सखी. म्हणून मामा मला अजूनही सखीबाई म्हणतो. ताईच्या आवाजाचं काय सांगू. शेवटच्या रांगेतल्या माणसाला वाटायचं, बाई आपल्या एकट्याशी बोलतेय, आणि शेजारच्याला का ऐकू जावं असंही वाटायचं. त्या आवाजाची एकही फीत मात्र उरलेली नाही. मालकांचा नियमच होता, की आवाज घरबसल्या मिळायला लागला तर थिएटरात कोण येईल.

एकदा मामाचा हात चुकला. वनात सोडून दिलेली राणी एकटी उभी आहे, तिच्या मागे जंगलाचा रंगवलेला पडदा, आता ती गाणार, तेवढ्यात मामाने भलतीच दोरी सोडली. राजवाड्याचा पडदा धाडकन तिच्या पुढ्यात आला. मागे जंगल, पुढे राजवाडा आणि मधल्या हातभर जागेत ताई. मी विंगेत गारठले. दुसरी कुणी असती तर किंचाळली असती. ताईने गाणं सुरू केलं आणि अख्खं गाणं आतूनच म्हटलं, तालासाठी हाताने टाळी देत. लोकांना रिकामा राजवाडा दिसत होता, आणि त्यातून एक बाई रडत होती. शेवटी टाळ्या अशा पडल्या की मालकांना कळेना, याला झापावं की पुढच्या प्रयोगाला पुन्हा असंच कर म्हणून सांगावं. ताई घामाने निथळत बाहेर आली आणि म्हणाली, "बाळ्या, पडदा पाडायच्या आधी आत कोण आहे ते बघत जा."

दुसरा प्रसंग हसण्यासारखा नव्हता. तालमीत एक दोरी तुटली आणि पडद्याचा वरचा बांबू ताईच्या झग्याच्या घोळाला घासून खाली आदळला. वीतभर इकडे असती तर आमची राणी गेली असती. मामाने तुटलेलं टोक उचलून पाहिलं. दोरी सगळीकडे धडधाकट होती, कप्पीवरून जिथे वळते तेवढीच जागा झिजून सुतळीसारखी झाली होती. तेव्हापासून त्याने एक रीत धरली. मोसम संपला की सगळ्या दोऱ्या सोडायच्या, पुसायच्या, उलट्या करायच्या आणि या कप्पीवरची त्या कप्पीवर चढवायची. झीज एकाच जागी बसू द्यायची नाही. पुढे कुठलीही दोरी तुटली नाही. ही रीत मामाच्या हाडात गेली. घरी तो चपलांचे अंगठे आलटूनपालटून शिवून घ्यायचा, आणि गादी डोक्याची पायाकडे करायचा. मामी म्हणायची, "नशीब, मला एकाच बाजूला झोपू देतात."

कंपनी बंद झाली, मामी गेली, लेक दूर नोकरीला गेली. मामा आणि ताई तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकत्र राहू लागली. लेकीने आपल्या ऑफिसातून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात विंडोजऐवजी लिनक्स घातलं. म्हणाली, "बाबा, जुन्या मशीनला हेच झेपतं. आणि कुठल्यातरी फसव्या मेलवर बोट दाबून तुम्ही ते बिघडवूही शकणार नाही." मामा त्यावर बातम्या वाचायचा, ताई त्याच्या पाठीमागून चुका काढायची. असं छान चाललं होतं.

मग ताईचा घसा बसला. बसला तो उठेना. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जगेल, पण बोलणं नाही. मी तेव्हा तिच्या शेजारच्या खुर्चीत होते. डॉक्टर अजून काहीतरी समजावत होते, मला फक्त त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मामाने दोन्ही हातांनी खुर्चीची कड धरली होती. बोलली ती ताईच. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आयुष्यभर स्टेजवर गळा काढला. आता हे खरोखरच काढणार."

त्या रुग्णालयात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी ताईने आपल्या आवाजात भरपूर वाक्यं बोलून ठेवायची. त्यावरून एक छोटं यंत्र तिचा आवाज शिकेल, मग तिने बोटाने अक्षरं दाबली की ते तिच्या आवाजात बोलेल. मात्र जितकं जास्त बोलून ठेवाल तितका आवाज खरा, आणि ऑपरेशननंतर ही संधी पुन्हा नाही.

लेक सुट्टी काढून आली. मशीनमधली मूळ डिस्क लहान होती, म्हणून तिने शेजारी एक नवी मोठी डिस्क बसवली आणि लहान डिस्कवर केलेल्या 'आवाज' नावाच्या रिकाम्या फोल्डरच्या जागी ती उघडेल अशी सोय केली. मला तिने हे आमच्याच भाषेत समजावलं. मशीन सुरू होताना ते एक छोटी फाइल वाचतं. कुठली डिस्क कुठल्या फोल्डरच्या जागी उभी करायची, ते त्यात लिहिलेलं असतं. "म्हणजे प्रयोगाच्या आधी विंगेत लावलेला प्रवेशांचा कागद," मी म्हटलं. "अगदी तसंच, मावशी," ती म्हणाली.

ती गेल्यावर दुसऱ्याच सकाळी मशीन सुरू होताना अडलं. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि मशीन पासवर्ड मागत गप्प बसलेलं. मामाने मला फोन केला. आवाज असा, की मला वाटलं ताईलाच काही झालं. धावत गेले तर हा मशीनसमोर उभा. म्हणे, "सखीबाई, मी मारलं याला."

लेकीने फोनवरून झाकण उघडायला लावलं. मोठ्या डिस्कची वायर नीट बसली नव्हती. कागदावर नाव असलेला नट आलाच नाही, म्हणून मशीनने प्रयोग थांबवला होता. वायर दाबली, सगळं सुरू झालं. पण बाप एवढा घाबरला हे बघून लेकीने तिकडूनच, नेटवरून त्या फाइलीत आणखी एक शब्द घातला, नोफेल. म्हणजे ही डिस्क नाही सापडली तरी हरकत नाही, तुम्ही पुढे चला. "आता काळा पडदा दिसणार नाही, बाबा," ती म्हणाली. मायेनेच केलं पोरीने.

आणि मामाने काय केलं? झाकण उघडलेलंच होतं. आत धूळ होती. त्याने मशीन बंद करून ब्रशने धूळ काढली, वायरी पुसल्या, आणि परत लावताना हाडातल्या रीतीप्रमाणे या खाचेतली त्या खाचेत लावली. झीज एकाच जागी बसू नये. मशीन सुरू केलं. कसलीही कुरकुर न करता ते सुरू झालं. मामा खूश. मीही तिथेच होते, मीही खूश.

त्यानंतर रोज सकाळी आतल्या खोलीत दोघांचा प्रयोग चालायचा. भिंतींना रजया टांगलेल्या, खिडकी बंद, मामा कानावर हेडफोन घालून मशीनपाशी, ताई माइकसमोर. रुग्णालयातल्या बाईंनी वाक्यं दिली होती. ताईने पहिल्याच दिवशी ती बाजूला सारली.

"'मला पाणी हवे आहे' असं कोण बोलतं? हे काय बक्षीस समारंभाचं भाषण आहे का? मी म्हणते, 'बाळ्या, पाणी.'"

"ताई, पूर्ण वाक्य पाहिजे त्यांना."

"मग घे पूर्ण. 'बाळ्या, पाणी आण, आणि या वेळी पेला धुऊन आण.' झालं पूर्ण?"

मामा लाल खुणेकडे बोट दाखवायचा, म्हणजे हेही रेकॉर्ड होतंय. ती आणखी चेवाने बोलायची. आवाज दिवसेंदिवस खरखरीत होत चालला होता, पण ढंग तोच. दार वाजलं की काय म्हणायचं, फोनवर ओळखीच्या माणसाला कसं कटवायचं, भाजीवाल्याशी कशी घासाघीस करायची, रागावणं, समजूत काढणं, सगळं बोलून ठेवलं. संध्याकाळी मामा ते परत लावून ऐकायचा. ताई म्हणायची, "जिवंत बहीण शेजारी बसलीय आणि हा मशीनमधली ऐकतोय." तो म्हणायचा, "मशीनमधली मध्येच थांबवता येते."

ऑपरेशन झालं. ताई घरी आली ती गळ्याभोवती रुमाल आणि हातात पाटी घेऊन. पाटीवर ती एकदोन शब्दच लिहायची. "डोळ्यांनी बोलायला शिकायचंय," असं तिने एकदा लिहून दाखवलं. घर इतकं गप्प झालं होतं की मी गेले की उगाच भांडी वाजवायचे.

रुग्णालयातल्या बाई दुसऱ्या दिवशी आवाज न्यायला येणार होत्या. त्याच्या आदल्या सकाळी मी गेले तेव्हा मामा चिंतेत होता. फायली एका जागी लावायला गेला तर मशीन म्हणत होतं, जागा संपली. लेकीला फोन लागला, ती विमानतळावर होती.

"जागा कशी संपेल, बाबा? एवढी मोठी डिस्क. थांबा, मी इथून बघते." थोड्या वेळाने तिकडून म्हणाली, "अहो, मोठी डिस्क जोडलेलीच नाहीये. आहे आत, पण उभी राहिली नाही. मी तिचं खुर्चीनंबरने, म्हणजे खाचेच्या नंबरने नाव लिहिलं होतं, ती दुसऱ्याच खुर्चीवर बसलीय. आता खुर्चीचा नंबर काढून तिची जन्मखूण घालते, ती कधी बदलत नाही. सकाळीच सुटली असणार. हं, झालं. आता एकदा बंद करून चालू करा, सगळं दिसेल. बाबा, विमानात बोलावतायत, मी उतरले की फोन करते."

मामाने मशीन बंद करून चालू केलं. ताई शेजारी येऊन बसली. पाटीवर लिहिलं, "लाव." आपलाच आवाज ऐकायचा होता तिला, ऑपरेशननंतर पहिल्यांदा.

मामाने 'आवाज' उघडलं. आत काही नव्हतं.

एकही फाइल नाही. पांढरी स्वच्छ खिडकी. मामाने ती बंद केली, पुन्हा उघडली. पुन्हा तेच. मी चष्मा काढून पुसला, जणू दोष माझ्या डोळ्यांत होता. मामाचा हात माउसवर तसाच राहिला, आणि ताई त्या पांढऱ्या खिडकीकडे बघत राहिली. प्रेताशेजारी बसलेली माणसं मी पाहिली आहेत, तीही थोडी हलतात. ही दोघं हलत नव्हती. मला त्या क्षणी वाटलं, ताई आता खरी मुकी झाली. ऑपरेशनने झाली नव्हती, आत्ता झाली.

लेकीचा फोन बंद. मीच खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. जाडजूड माणूस, कपाळावर भिंग चढवलेलं, जिना चढताना प्रत्येक मजल्यावर "अजून किती?" विचारणारा. त्याने सगळं ऐकलं आणि आधी मामाचा हात माउसवरून काढला.

"काका, आता कशालाच हात लावायचा नाही. पुसलं गेलेलं परत येतं, पण त्यावर दुसरं काही लिहिलं तर येत नाही."

त्याने आपली पेटी जोडली. काहीतरी चालवलं. वाट बघण्याचा तो वेळ फार वाईट गेला. एक रेघ पडद्यावर हळूहळू पुढे सरकत होती आणि आम्ही तिघं म्हातारी तिच्याकडे टक लावून बसलो होतो. रेघ संपली. त्याने भिंग डोळ्यावर ओढलं, परत कपाळावर चढवलं.

"काका, ही डिस्क कोरी आहे."

"पुसली गेली म्हणजे?"

"पुसलेली नव्हे, कोरी. पुसलं की खुणा राहतात, पाटीवर राहतात तशा. हिच्यावर कधी काही लिहिलंच गेलेलं नाही."

"मी रोज लिहीत होतो," मामा म्हणाला.

"तुम्ही लिहीत असाल. हिच्यावर नाही."

मामा माझ्याकडे वळला. म्हणाला, "सखीबाई, मग संध्याकाळी मी कुणाला ऐकत होतो?"

मला भीती वाटली ती तेव्हा. आवाज गेल्याचं दुःख एक, पण हा माणूस आता स्वतःवरच संशय घेत होता. मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "मामा, मी ऐकलंय. भाजीवाल्याचं वाक्य मी ऐकलंय. तुला वेड लागलं असेल तर मला लागलंय, आणि आपल्या दोघांना एकच वेड लागण्याइतके आपण जवळचे नाही."

तो हसला नाही. तेवढ्यात मशीनच्या कोपऱ्यात पुन्हा तीच सूचना वर आली, जागा संपली.

दुरुस्तीवाला कपाळ चोळत म्हणाला, "हे मला कळत नाहीये. मोठी डिस्क कोरी, ठीक. पण ही लहान डिस्क तुडुंब भरलीय म्हणते. आणि मी उघडून बघतोय तर हिच्यात नेहमीचं सोडून काहीच नाही."

"म्हणजे बाहेर हाऊसफुल्लचा बोर्ड आणि आत खुर्च्या रिकाम्या," मी म्हटलं.

ताईने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. पाटी हातातून खाली ठेवली आणि उठली.

त्या खोलीच्या खिडकीला दोन पडदे आहेत, आतला पातळ आणि बाहेरचा जाड. ऑपरेशनला फार दिवस झाले नव्हते, भिंतीचा आधार घेत ती खिडकीशी गेली. आधी तिने पातळ पडदा ओढला. त्याच्या पुढे उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून, राणीसारखी मान ताठ. मग जाड पडद्याचं टोक धरलं आणि आपल्यापुढून ओढून घेतलं. ताई दिसेनाशी झाली. समोर फक्त जाड करडा पडदा.

दुरुस्तीवाल्याने हळूच मला विचारलं, "बाईंना बरं वाटतंय ना?"

पडद्यामागून टाळी आली. मग दुसरी. थांबून तिसरी. जंगलातल्या राणीच्या गाण्याचा ताल. मी तो कितीतरी वर्षांनी ऐकत होते. आवाज नसलेली बाई पडद्याआड गात होती.

मामा ताडकन उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"पुढचा पडदा," तो म्हणाला. "मीच पाडलाय. ती मागे आहे."

"कोण मागे आहे?" दुरुस्तीवाला म्हणाला.

"अहो, 'आवाज' नावाचं फोल्डर आधी लहान डिस्कवरच होतं ना, रिकामं? मोठी डिस्क त्याच्या जागी उभी राहणार होती. ती उभी राहिलीच नव्हती. आपण रेकॉर्ड करायला लागल्यापासून एकदाही नाही. तर मी जे भरत होतो ते त्या लहान डिस्कवरच्या फोल्डरात भरत होतो. आणि आज सकाळी मोठी डिस्क येऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली. कोरी. मागचं झाकलं गेलं."

दुरुस्तीवाल्याने भिंग पुन्हा डोळ्यावर ओढलं. मग तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "डिस्क माउंट झाली, म्हणजे फोल्डरच्या जागी उभी राहिली, की त्या फोल्डरमधलं आधीचं दिसत नाही. बरोबर आहे. असतं, पण दिसत नाही. हे मी शिकलोय, पण कुणाकडे घडलेलं बघितलं नव्हतं. काका, मग सोपं आहे. ही डिस्क काढून घेऊ. खोलायचं नाही काही, नुसतं अनमाउंट."

"पडदा वर घ्यायचा," मामा म्हणाला.

"तसं म्हणा हवं तर."

त्याने आज्ञा टाइप केली. मामाने पासवर्ड घातला, दोनदा चुकला. मशीन म्हणालं, ही जागा वापरात आहे. पण मामा या वेळी डगमगला नाही. म्हणाला, "पडद्यावर कुणीतरी पाय ठेवलाय. ती पांढरी खिडकी उघडीच आहे बघा." खिडकी बंद केली. आज्ञा पुन्हा टाइप झाली. दुरुस्तीवाला बाजूला सरकला आणि म्हणाला, "शेवटचं बटण तुम्ही दाबा, काका."

मामाचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं. ताई खिडकीशीच होती, जाड पडदा तिने बाजूला केला होता. पूर्वी प्रवेश सुरू व्हायच्या आधी ती विंगेकडे बघून तळहात उताणा करून वर उचलायची, पडदा घे म्हणून. तसाच उचलला. मामाने बटण दाबलं.

मशीन काहीच बोललं नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, "काही बोललं नाही म्हणजे झालं." मामाने 'आवाज' उघडलं.

फायलीच फायली. ओळीने, एकाखाली एक, खिडकी पुरेना इतक्या. मामाने हाताला आली ती उघडली. आधी त्याचंच खाकरणं ऐकू आलं, मग ताई, तिच्या त्या फाटक्या आवाजात, "खोकून झालं असेल तर मी बोलू का?"

ताई मशीनजवळ येऊन बसली. तिने रुमालावर हात ठेवला होता, गळ्यावर, जिथून तो आवाज यायचा तिथे. समोर मशीनमधून ती बोलत होती आणि इथे तिचे ओठ मिटलेले. मी कितीतरी रडके प्रवेश केले आहेत, खोटं रडायला मला वेळ लागत नाही. त्या दिवशी खरं रडू आलं तर ते थांबवायचं कसं हेच मला ठाऊक नव्हतं. दुरुस्तीवाला भिंग पुसत होता, बराच वेळ.

लेक उतरली आणि तिने फोन केला. तिने सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बाबा, मी झाकून टाकलं होतं. मला वाटलं सकाळीच सुटलीय, मागे काही असेल हे डोक्यातच आलं नाही. पण ती पहिल्या रेकॉर्डिंगच्या आधीच दुसऱ्या खुर्चीवर कशी गेली? वायरी कुणी हलवल्या होत्या का?"

मामाने माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. म्हणाला, "झीज एकाच जागी बसू नये म्हणून बदलल्या होत्या."

तिकडून हसण्याचा आवाज आला, की रडण्याचा, मला सांगता येणार नाही.

मग तिने फोनवर सांगितलं तसं मामा आणि दुरुस्तीवाल्याने केलं. आवाज आधी बाजूला एका वेगळ्या डिस्कवर उतरवले, मग मोठी डिस्क नीट उभी करून तिच्यावर नेले, आणि ऐकून बघितल्यावरच लहान डिस्कवरचे काढले. ती वेगळी डिस्क आता माझ्या कपाटात आहे, माझ्या जुन्या मुकुटाशेजारी. लहान डिस्कवरच्या रिकाम्या फोल्डरात लेकीने एकच फाइल ठेवायला लावली, नाव 'डिस्क आलेली नाही'. डिस्क उभी असेल तर ती झाकलेली राहते. दिसली की समजायचं, पुढचा पडदा पडलेलाच नाही.

"आणि बाबा, तो नोफेल शब्द? ठेवू का? नाहीतर कधी डिस्क नाही सापडली तर मशीन पुन्हा काळा पडदा दाखवून अडून बसेल. तुम्ही घाबरता."

"काढ तो," मामा म्हणाला. "अडू दे. नट आलेला नसेल तर प्रयोग सुरू करायचा नसतो. मी घाबरेन, मग तुला फोन करेन. पण मला कळू दे."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या बाई आल्या आणि आवाज घेऊन गेल्या. त्यांनी विचारलं, दिलेली वाक्यं का नाहीत? ताईने पाटीवर लिहिलं, "वाक्यं वाईट होती."

यंत्र आलं त्या दिवशी मला मुद्दाम बोलावणं होतं. हातात मावेल एवढी पाटीच, काचेची. मामा दाराशी उभा, विंगेत उभा राहायचा तसा, जरा आडोशाला. ताईने आमच्याकडे बघितलं नाही. एका बोटाने सावकाश अक्षरं दाबत राहिली. मी अंदाज करत होते, गाण्याची ओळ असेल, देवाचे आभार असतील, मला काही म्हणेल. तिने बोट उचललं, आणि खोलीत ताईचा आवाज आला, थोडा सपाट, थोडा घाईत, पण तोच.

"बाळ्या, तिथून मशीनकडे बघू नकोस. वायरींना हात लावलास तर याद राख."

मामाने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नाही लावत, ताई," तो म्हणाला, आणि मग तिथल्या तिथे उंबऱ्यावर बसला.